अठरा हजारांचा साऊंड मीटर ईएमआयवर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हॉलमध्ये ५.१ चा सेटअप (पाच स्पीकर आणि जाड आवाजाचा एक सबवूफर) लावलाय, डायलॉग नीट कळत नाहीत आणि सबवूफर मात्र दणदणतो, म्हणून साऊंड लेव्हल मीटर घ्यायचाय. क्लास २ चा (म्हणजे अचूकतेचा ठरावीक दर्जा असलेला), अचूकता तपासल्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवाला १८ हजारांना, सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर मिळतोय, आणि एक साधा अडीच हजारांचा आहे. महिन्याचा खर्च ४० हजार, इमर्जन्सी फंड ६० हजार.

माझं मत स्पष्ट आहे, साधा घ्या.

कारण तुम्हाला नक्की काय मोजायचंय ते बघा. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावायचा, नेहमीच्या बसायच्या जागी कानाच्या उंचीवर मीटर धरायचा आणि प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणायचा, बस. साध्या मीटरवर बहुतेक वेळा प्लस-मायनस १.५ डेसिबल असं लिहिलेलं असतं, पण मीटर एकच, जागा एकच, म्हणजे तो एक डेसिबल जास्त दाखवत असेल तर पाचही स्पीकरना जवळपास तेवढाच जास्त दाखवणार, आणि तुम्हाला हवाय तो स्पीकर-स्पीकरमधला फरक, तो बरोबरच येतो. सर्टिफिकेटचे पैसे देतो तो ज्याला रिपोर्टवर सही करायची असते, फॅक्टरीतला आवाज मोजणारा वगैरे, आणि त्याला ते कॅलिब्रेशन ठरावीक काळाने पुन्हा पैसे भरून करून घ्यावं लागतं. घरी याचा काही उपयोग नाही.

आता ईएमआय. नो कॉस्ट म्हणतात तरी बँक व्याज लावतेच, तेवढा डिस्काउंट आधी दिलेला असतो, पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. ही रक्कम छोटी आहे, मला जास्त काळजी फंडाची वाटते. ६० हजार म्हणजे जेमतेम दीड महिना हो, घरात कोणी आजारी पडलं किंवा पगार लांबला तर क्रेडिट कार्डावर वेळ येईल. तुम्ही तसेही महिन्याला ३ हजार हप्ता भरायला तयार आहात ना, मग पहिल्या महिन्याच्या पैशात मीटर घ्या आणि पुढचे पाच महिने तेच ३ हजार आरडीत टाका, फंड ७५ हजारांवर जाईल. तरी दोन महिने भरत नाहीत, म्हणून आरडी तिथेच थांबवू नका.

आणि घ्यायच्या आधी एक करा, रिसीव्हरसोबत आलेला छोटा माईक खोक्यात पडून असेल तर तो लावून ऑटो सेटअप चालवा, मग सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवून बघा, डायलॉगचा प्रश्न बऱ्याच घरी इथेच सुटतो. सबचा दणदणाट खोलीमुळे असेल, सब अगदी कोपऱ्यात असेल तर थोडा बाहेर ओढून बघा, याला एक रुपया लागत नाही. कुठली फ्रिक्वेन्सी घुमते हे मात्र १८ हजारांचा नुसता लेव्हल मीटरही दाखवणार नाही, त्याला यूएसबी मेजरमेंट माईक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर लागतं, तो विचार फंड भरल्यावर.

अडीच हजारांचा घेताना त्यात सी वेटिंग (जाड आवाजही जवळपास पूर्ण मोजणारी सेटिंग) आणि स्लो मोड (आकडा सावकाश बदलतो, वाचायला सोपा) आहे ना ते बघूनच घ्या. फक्त ए वेटिंगचा असेल तर नको, ए मध्ये जाड आवाज कमी मोजले जातात, ६३ हर्ट्झला, म्हणजे सबच्या आवाजात, तब्बल २६ डेसिबल कमी धरले जातात, त्यावर सब सेट केलात तर आत्तापेक्षा जास्त दणदणेल.