पाच वर्षांनी गाडीचे किती येतील, त्याआधी खात्यातले तुमचे किती?

देवगड तालुक्यातून एका वाचकांचं लांबलचक पत्र आलंय. वय ४१, हापूसची बाग, दोन खोल्यांचं होमस्टे, लेक सातवीत. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. रस्त्यात जमीन गेली तिची भरपाई १ कोटी ८० लाख खात्यात जमा झालीय. गाड्यांचं वेड जुनं, स्वतःची फोक्सवॅगन पोलो घेऊन कोईमतूरच्या करी स्पीडवेवर दोनदा ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायचा दिवस, करून आलेत. आता २०१७ ची निसान जीटी-आर ही जपानी स्पोर्ट्स कार मिळतेय, मालक १ कोटी १५ लाख सांगतोय, पाँडिचेरी पासिंग, २ लाख टोकन देऊन झालंय. प्रश्न असा की "निसानने ही गाडी बनवणं बंद केलंय, भारतात मोजक्याच आहेत, पाच वर्षं ट्रॅकवर वापरून विकली तर दीड कोटी तरी येतील ना मॅडम? तेच पैसे लेकीच्या शिक्षणाला धरलेत."

गाडीचं सांगते, पण आधी ते दुसरं, कारण त्याला तारीख आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की बँकेतल्या साहेबांनी १२ लाखांची वन टाइम पॉलिसी करून दिली, आणि तिचं पहिलं पान जोडलंय. ते पान मी मोबाईलवर मोठं करून वाचलं. मॅच्युरिटीच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केलाय, बाजूला हाताने 'वन टाइम' लिहिलंय, आणि चार ओळी खाली छापलंय, हप्ता वार्षिक, हप्ते भरायची मुदत १० वर्षं. म्हणजे दरवर्षी १२ लाख, एकूण १ कोटी २० लाख. तुमचं बाग आणि होमस्टे मिळून चांगल्या वर्षाचं उत्पन्न तुम्हीच १४ लाख लिहिलंय, आणि मागच्या वर्षी मोहोर गळला, निम्मा माल कॅनिंगला गेला तेव्हा ६. हा हप्ता कुठून भरणार होता? ज्याने ही पॉलिसी गळ्यात मारली त्याला तुमचं उत्पन्न माहीत होतं, फॉर्मवर त्यानेच तर भरलंय. मला याचा फार राग येतो. भरपाईचा पैसा खात्यात पडला की चार दिवसांत केबिनमध्ये चहाला बोलावणं येतं, हे मी गावोगाव बघतेय.

टॅक्स फ्री आहे असंही सांगितलंय म्हणे. नाहीये. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचे हप्ते वर्षाला ५ लाखांच्या वर गेले की मॅच्युरिटीवरची सूट जाते. आणि पॉलिसी हातात आल्यापासून फक्त १५ दिवसांत परत करता येते हेही चूक, २०२४ पासून फ्री-लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, ३० दिवसांची आहे. तुम्हाला कागद ३ तारखेला मिळाले आणि तुमचं पत्र मला १९ ला आलं, म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला. अर्ज बँकेत तोंडी नको, थेट विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेलही करा. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. साहेब म्हणतील थांबा, मी बघतो, तर थांबू नका.

आता गाडी. मी काही गाड्यांतली नव्हे, पण माझा एक कोल्हापूरचा क्लायंट वर्षानुवर्षं ट्रॅकवर जातो, त्याला तुम्ही पाठवलेले फोटो दाखवले. त्याने पहिला बघितला तो पुढच्या ब्रेक डिस्कचा फोटो, भोकांपासून निघालेल्या केसाएवढ्या चिरा दाखवल्या आणि म्हणाला ही गाडी ट्रॅकवर तापलेली आहे, मालक काहीही सांगो. पुढचा गिऱ्हाईक तुमच्या गाडीकडे असाच बघणार आहे. या गाडीत डेटा रेकॉर्डर असतो, इंजिन आणि गिअरबॉक्सशी कसं वागलात ते त्यात राहतं, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे, ड्युअल क्लच, तो खोलायची वेळ आली तर बिल लाखांत. टायर २० इंची, मागचे २८५ रुंदीचे, ट्रॅकवर झिजतात आणि आपल्या तालुक्यात कुठे मिळत नाहीत. दुर्मिळ गाडीला भाव मिळतो तो कमी चाललेल्या, मूळ पार्ट असलेल्या, सगळी बिलं जपलेल्या गाडीला. तुम्ही ती नेमकी उलट वापरायला घेताय. वापरायला घ्या की, पण मग वर नफाही धरू नका.

बंद झाली म्हणून भाव वाढेल हा हिशेबही तपासू. ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची जीटी-आर कारखान्यातून निघाली हे खरं, पण १८ वर्षांत ४८ हजारांच्या आसपास बनल्या, म्हणजे जगात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नाहीत. तुमच्या डोक्यात आर३४ चे, म्हणजे आधीच्या पिढीच्या जीटी-आरचे, भाव आहेत. ती अमेरिकेत कधी अधिकृत विकलीच गेली नव्हती, २५ वर्षं झाल्यावरच तिथे नेता येते, त्यामुळे तिथले लोक पैसे घेऊन वाट बघत बसले होते. तुमची ही जीटी-आर, आर३५, तिथे २००८ पासून शोरूममध्ये मिळत होती, तिची अशी कोणी वाट बघत नाहीये. आणि भारतात दुर्मिळ म्हणजे गिऱ्हाईकही दुर्मिळ, दहा जण फोटो काढायला येतील, पैसे मोजणारा एखादा, आणि तुम्हाला फी भरायची तारीख आली की तो तुमच्याकडून भाव पाडून घेणार.

शिवाय तुम्ही ज्या किमतीकडे बघताय तिच्यात निम्म्याहून जास्त कर आहे. २०१६ मध्ये ही गाडी इथे १ कोटी ९९ लाखांना आली तेव्हा जपानात ती जवळपास १ कोटी येनला होती, म्हणजे साठ-पासष्ट लाख रुपये. कराचे पैसे गाडीबरोबर मुरत नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा ५० टक्क्यांपर्यंतचा जीएसटी आणि सेस जाऊन ४० टक्के झाला, ब्रिटनशी त्याच वर्षी करार झाला त्यात तिकडच्या ठराविक गाड्यांचं आयात शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. नव्या गाड्या स्वस्त होत गेल्या की जुन्यांचे भाव धरून कोण ठेवेल?

इन्शुरन्सचं तुम्ही विचारलंच नाही. आपल्या मोटार पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं की ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांत गाडी वापरली तर भरपाई नाही. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च सगळा तुमचा. आणि पाँडिचेरी पासिंग १२ महिन्यांच्या वर महाराष्ट्रात चालत नाही, एनओसी, पुन्हा रजिस्ट्रेशन, इथला कर, इम्पोर्टेड गाडीला तो २० टक्के आहे, जुनी म्हणून कमी होईल तरी काही लाख जातील. तो आकडा मालकाने सांगितलेला नाही ना?

हिशेब असा. गाडी आणि पासिंग मिळून सव्वा कोटी. ट्रॅकवर न्यायला देवगडहून कोईमतूर हजार-अकराशे किलोमीटर, घाट चढून ट्रकवर घालून न्यावी लागेल, टायर, ब्रेक, ऑइल, इन्शुरन्स, वर्षाला सहा ट्रॅक डे तर १२ लाख सहज, पाच वर्षांत ६०. पाच वर्षांनी ७५ आले तर मी म्हणेन चांगले आले. म्हणजे १ कोटी १० लाख गेले, आणि लेकीच्या नावाने जे धरलंय ते गाडी विकली जाईल त्या दिवसावर टांगलेलं. बारावीनंतरचा प्रवेश गिऱ्हाईकासाठी थांबत नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसले ते. तुम्ही लिहिलंय, "सातबारावर आई, मी आणि ताई अशी तीन नावं आहेत, पण ताई लांज्याला दिलीय, तिचं बरं चाललंय, तिला काही नको, तिने सही पण दिली." कुठली सही, म्हणून मी फोनवर विचारलं, तुम्ही कागद पाठवलात. ते संमतीपत्र आहे. भरपाईची रक्कम भावाच्या खात्यात जमा करायला हरकत नाही, एवढंच त्यात आहे, खाली ताईंची सही, सही करताना पेन अडखळलं असावं असा एक शाईचा ठिपका. त्या सहीने पैसे तुमच्या खात्यात आले, ताईंचा हक्क कुठे गेला नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं, लग्न होऊन लांज्याला गेल्याने तो कमी होत नाही.

वाटे नेमके कसे पडतील ते जमीन वडिलोपार्जित होती की वडिलांनी घेतलेली त्यावर आहे, वकिलाला विचारा. मी हिशेबापुरते तीन सारखे धरते, ६० लाख आई, ६० ताई, ६० तुम्ही. म्हणजे १ कोटी ८० लाखांतले तुमचे ६०. त्यातले १२ पॉलिसीत अडकलेत, २ टोकनमध्ये. उरले ४६. सव्वा कोटीची गाडी तुम्ही बहिणीच्या आणि आईच्या पैशांनी घेणार होता, आणि मला खात्री आहे की असं तुमच्या मनातही नव्हतं, कारण तुम्ही तसा हिशेबच मांडला नव्हता.

ताईला काही नको, हे ताईने आकडा ऐकून म्हटलंय का? तुम्ही फोनवर म्हणालात की किती आले ते तिला नीट माहीत नाही. मग ते 'नको' धरता येत नाही हो. पैसे आले हे कळणं वेगळं आणि ६० लाख हा आकडा कळणं वेगळं. आकडा कळूनही तिने तुम्हाला द्यायचे ठरवले तर खुशाल घ्या, बहिणीने भावाला दिलेल्या भेटीवर टॅक्सही नाही, कागद मात्र करा.

तोवर ताईंचे आणि आईंचे प्रत्येकी ६० त्यांच्या त्यांच्या नावाने एफडीत टाका, आईंचे सिनिअर सिटिझनच्या दराने. तुमच्या वाट्यातले २५ लाख लेकीसाठी पाच वर्षांच्या मुदतीचे वेगळे काढा, सात टक्क्यांनी धरले तरी ३५ होतात, आणि ते कुठल्या गिऱ्हाईकाची वाट बघत नाहीत. बागेचं एक वाईट वर्ष निभावेल एवढे ८ लाख बाजूला. तुमच्या नावावर साधा टर्म इन्शुरन्स नाही, घरात हेल्थ पॉलिसी नाही, ते दोन्ही या महिन्यात. ट्रॅक सोडू नका, पोलो घेऊन जा, वर्षाला दीड-दोन लाख त्याला ठेवा, कोईमतूरचा २ किलोमीटरचा ट्रॅक शिकायला पोलो पुरते. टोकन परत मागा, नाही दिलं तर २ लाख गेले समजून पुढे व्हा, त्या २ लाखांसाठी बाकीचे १ कोटी १३ लाख देऊ नका.

आणि या शनिवारी लांज्याला जा. फोनवर नको. सातबारा, संमतीपत्राची झेरॉक्स आणि भरपाई जमा झालेलं पासबुकाचं पान बरोबर न्या, ताईंच्या पुढ्यात ठेवा, आणि त्यांनी पान वाचेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.