इंदूर-मुंबई विमानात नर्मदा बघायची तर कुठली खिडकी घ्यावी?

तुमची आई पहिल्यांदाच विमानात बसणार, सकाळच्या फ्लाइटने इंदूरहून मुंबईला, आणि तिला वरून नर्मदामैया बघायची आहे. खिडकी डावीकडची की उजवीकडची, असं तुम्ही विचारलंय.

नर्मदा दोन्हीकडून दिसते. ती पूर्व-पश्चिम वाहते आणि विमान तिला ओलांडून जातं. डावीकडे महेश्वर-मंडलेश्वरच्या अंगाचा प्रवाह, उजवीकडे बडवानीकडचा. पावसाळ्यानंतर गेलात तर उजवीकडचं पात्र नदीसारखं दिसतच नाही. सरदार सरोवराचं पाणी तिथवर पसरलेलं असतं, जुनं निसरपूर गाव त्याच पाण्याखाली आहे.

त्यामुळे बाजू ठरवायची ती उन्हावर. मुंबईला जाताना विमानाचं तोंड साधारण नैऋत्येला असतं, म्हणजे सकाळी सूर्य डाव्या हाताला. हिवाळ्यात भर दुपारीही तो तिकडेच असतो. डावीकडे बसलं की नदी चांदीच्या पट्टीसारखी लखलखते, पण फक्त लखलखतेच. काठ, घाट, शेतं काही कळत नाही आणि डोळे दिपतात ते वेगळंच. आईसाठी उजवीकडची ‘एफ’ घ्या. संध्याकाळची फ्लाइट असती तर ‘ए’ सांगितली असती.

आता माझी फजिती. माझ्या आईला नेलं तेव्हा मी बाजू अगदी हिशोबाने निवडली आणि रांग घेतली चौदावी. आई जरा वेळ बाहेर बघत बसली, मग म्हणाली, "अरे, हा पत्राच बघायचा का मुंबईपर्यंत?" खाली सगळा पंख! एअरबस ३२० मध्ये साधारण दहापासून विसाव्या रांगेपर्यंत हेच होतं. चार ते आठमधली रांग घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. अगदी मागे बसलात तर पंख सुटतो, पण इंजिनाच्या गरम हवेने खालचं चित्र थरथरत राहतं. बोइंग ७३७ असेल तर आणखी एक गंमत: पंखाच्या थोडं पुढे एसीची नळी भिंतीतून वर जाते, तिथल्या एखाद्या ‘विंडो सीट’ला खिडकीच नसते. सीटचा नकाशा बघून घ्या. पंख्याचं छोटं एटीआर मिळालं तर मात्र नशीब, त्याचा पंख खिडक्यांच्या वर असतो.

आईला खिडकीशी पहिल्यापासूनच बसवा. मागाहून जागा बदलू म्हणालात तर नर्मदा गेलीच, कारण दहा-पंधरा मिनिटांत ती येते आणि तोवर पट्टे बांधलेलेच असतात. खूण सांगतो. मालव्याचं सपाट पठार एका जागी खचल्यासारखं संपतं, दऱ्यांची झालर दिसते. तो विंध्याचा कडा. खाली निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याचा सखल मुलूख. तिथून नजर हलवायची नाही. माझ्या आईने (येताना, पंखाच्या पुढच्या रांगेतून) नदी दिसताच हात जोडले, "नर्मदे हर" म्हटलं आणि पर्स उघडून नाणं शोधायला लागली. पुलावरची सवय!

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर फार आशा ठेवू नका, धुळीने निमाड मातकट दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. फोटो काढायचा तर गडद रंगाचे कपडे घाला, काचेत आपलंच प्रतिबिंब कमी येतं. मोबाइल काचेला टेकवू नका, थरथरतो.

सांताक्रूझला उतरताना विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून येतं. तेव्हा उजवीकडे पवई तलाव दिसतो, म्हणजे ‘एफ’चा तोही फायदा. परतीला सगळं उलट: सकाळी ‘ए’, संध्याकाळी ‘एफ’.