महापालिकेला मतदान कमी होतं, म्हणून बिल्डर-ठेकेदारांचं फावतं का?

तुमचा प्रश्न असा की मुंबईत महापालिकेला जवळपास निम्मे मतदार घरीच बसतात, म्हणूनच बिल्डर आणि ठेकेदारांचं फावतं का. फावतं, पण खरी गोम मतदानाच्या दिवसानंतर सुरू होते, असं माझं मत आहे.

आधी हिशोब. 2012 साली मतदान 45 टक्क्यांच्या आसपास होतं. 2017 ला शिवसेना-भाजप युती तुटली, चुरस वाढली आणि ते साडेपंचावन्नवर गेलं. त्या वेळी 91 लाखांवर मतदार आणि 227 प्रभाग, म्हणजे प्रभागाला सरासरी 40 हजार. त्यातले 22 हजार आले आणि चार-पाच उमेदवारांत विभागले गेले, की सात-आठ हजारांत नगरसेवक होतो. 2017 लाच प्रभाग 220 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना सारखीच, 5,946 मतं पडली. शेवटी ईश्वरचिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले.

एवढ्या कमी मतांवर निकाल लागतो तेव्हा 'दोनशे मतं माझ्या शब्दावर आहेत' म्हणणाऱ्या माणसाला भाव येतो. मग तो चाळ कमिटीचा सेक्रेटरी असो, मंडळाचा अध्यक्ष असो, नाहीतर फेरीवाल्यांचा नेता. मी उपनगरात एका पक्षाच्या टेबलावर मतदारांच्या चिठ्ठ्या द्यायला बसलेलो आहे. दुपारी तीनपर्यंत यादीतली चाळीची पानं लाल पेनाच्या खुणांनी भरलेली असतात, टॉवरची पानं जवळजवळ कोरी. गटप्रमुख पोरांना उरलेल्या नावांसाठी पुन्हा चाळीतच पाठवतो. टॉवरकडे कोणी जात नाही, कारण वॉचमन गेटवरच अडवतो आणि वर गेलं तरी दार उघडेलच असं नाही.

टॉवरवाल्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. पण त्यांचं पाणी गेलं तर ते टँकर मागवतात. झोपडपट्टीत नळजोडणी, शौचालय, तुंबलेला नाला यासाठी नगरसेवकाचाच उंबरठा झिजवावा लागतो. शिवाय 1888 च्या कायद्याने कारभाराची खरी सूत्रं आयुक्ताच्या हातात, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौराकडे मान मोठा, अधिकार बेताचे. मग मत कशाला द्यायचं, असं एखाद्याला वाटलं तर मला नवल वाटत नाही.

आता ठेकेदार. त्याला मतदानाच्या टक्क्याचं सोयरसुतक नसतं. तो एकावरच डाव लावत नाही, सगळ्यांना सांभाळून असतो. त्याचं काम पडतं ते नगरसेवकांच्या स्थायी समितीत, जिथे मोठी कंत्राटं मंजूर होतात. तिथल्या 'टक्केवारी'बद्दल, म्हणजे कंत्राटामागच्या कमिशनबद्दल, मुंबईत कोणाला नव्याने सांगायला नको. बिल्डरचं तर अर्धं काम पालिकेत होतच नाही. भूखंडाचं आरक्षण बदलायचं, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) वाढवून घ्यायचा, तर शेवटचा शब्द मंत्रालयातल्या नगरविकास खात्याचा. नगरसेवक फार तर काम अडवू शकतो, आणि न अडवण्याचीही किंमत असते.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या डोळ्यांसमोर घडला. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. (तेव्हाही मतदान 53 टक्क्यांच्या घरातच.) मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची, म्हणजे नगरसेवकांशिवाय एकट्या आयुक्ताच्या हातातली. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. त्याच काळात रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे 6 हजार कोटींची कंत्राटं निघाली आणि त्यावरून आदित्य ठाकरेंनी आरोपांची राळ उठवली. आरोपांत तथ्य किती हा वेगळा विषय. पण नगरसेवकच नव्हते, मतदान तर शून्य, तरी कंत्राटांचं काही अडलं नाही.

म्हणून उद्या मतदान 70 टक्क्यांवर गेलं तर सगळं सुतासारखं सरळ होईल, असं मी म्हणणार नाही. जास्त मतदारांपर्यंत पोचायचं म्हणजे जास्त खर्च, आणि तो पैसा उमेदवाराला कोण देणार? परत तेच लोक.

मला जास्त आशा वाटते ती 2007 च्या जुहूसारख्या प्रकाराची. तिथे रहिवाशांच्या गटांनी आधीच एका नावावर एकमत केलं, ॲडॉल्फ डिसोझा यांना अपक्ष उभं केलं आणि पक्षांच्या उमेदवारांना हरवून निवडून आणलं. प्रभाग लहान, लागणारी मतं थोडी. गठ्ठा मतांचं हे गणित रहिवाशांनाही मांडता येतं, फक्त फॉर्म भरायच्या बरंच आधी एकत्र बसावं लागतं.