लेखीत वरची, प्रॅक्टिकलला काठावर

‘गेल्या वर्षीचे सर मुलांना मोकळं सोडायचे. या बाई फार कडक आहेत, मुलगी घाबरते. तुकडी बदलून घेऊ का?’ नववीतल्या एका मुलीच्या आईचा हा प्रश्न. मुलगी लेखीत वरच्या नंबरात, रोबोटिक्सच्या प्रॅक्टिकलला मात्र जेमतेम पास.

वर्गात बसून पाहिलं. काम साधं होतं, अर्डुइनोच्या (कोड लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) 8 नंबरच्या पिनवर एलईडी लुकलुकवायचा. तिचा दिवा लागला, पण मिणमिणता. हात वर गेला. बाईंनी येऊन कोडमधली ‘पिनमोड’ची राहिलेली ओळ (पिन ‘आउटपुट’ की ‘इनपुट’ हे ठरवणारी) टाकली, अपलोड केलं, दिवा लख्ख झाला आणि बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. पिन ‘आउटपुट’ केली नाही तर बोर्डाच्या आतल्या पुल-अप रेझिस्टरमधून (करंट अडवणारा भाग) अगदी थोडा करंट मिळतो, म्हणून दिवा मंद लागतो. मुलीला हे कळलंच नाही. परीक्षेत बाई मदतीला येणार नसतातच!

आता गेल्या वर्षीचा ‘मोकळा’ वर्ग. चौघांत एक किट, कीबोर्ड कायम एकाच मुलाकडे, ही वहीत सर्किट काढणार. म्हणजे दोन्ही वर्षं हिचा हात किटला लागलाच नाही. तेव्हा तुकडी बदलून फारसं काही साधलं नसतं.

बाईंशी बोलून तीन गोष्टी ठरल्या. चौघांऐवजी दोघांची जोडी, आणि दर सात मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याकडे. बाई समजावून सांगत असताना यूएसबी केबल काढून ठेवायची. हात वर करण्याआधी चार गोष्टी स्वतः तपासायच्या: एलईडीचा लांब पाय पिनच्या बाजूला आहे का, 220 ओहमच्या रेझिस्टरचा एक पाय आणि एलईडीचा एक पाय ब्रेडबोर्डच्या (वायरी खोचायची भोकांची पट्टी) एकाच ओळीत आहेत का, ग्राउंडची वायर लागली आहे का, सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट बरोबर निवडला आहे का. तरीही अडलं तर बाई ‘काय काय बघितलंस?’ एवढंच विचारणार, किटला हात लावणार नाहीत. सगळ्यात जड हेच गेलं.

सुरुवातीला गोंधळ वाढला आणि कामं अर्धवट राहू लागली, कारण तासिकेत तीन एलईडींचा सिग्नल बसवायचा हट्ट होता. तो एका एलईडीवर आणल्यावर वेळ पुरला. शेवटची पाच मिनिटं जंपर वायरी मोजून परत घेण्याची, तिथे बाईंचा कडकपणा जसाच्या तसा हवा. एक वायर गहाळ झाली की पुढच्या तुकडीची एक जोडी बसून राहते.

घरी ‘किती मार्क?’ ऐवजी ‘आज काय चाललं नाही, कसं शोधलंस?’ असं विचारावं. बोर्ड विकत घ्यायची घाई नको. टिंकरकॅड या वेबसाइटवर अर्डुइनोचं सर्किट फुकट जोडून पाहता येतं. वायरी हाताने खोचायचा सराव तिथे होत नाही, कोड लिहिण्याचा मात्र होतो.

चुकलं की चारचौघांत पाणउतारा होत असेल आणि म्हणून मूल वायरीला हात लावायलाच धजत नसेल, तर आधी त्या शिक्षकांना भेटा. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना, आणि तुकडी बदलायची गोष्ट तेव्हा जरूर काढा.