सिक्वेन्समध्ये ‘डीडी’ सापडलं, तर फंक्शनल मोटिफ सापडला असं लिहू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निफाडकडच्या चोपण जमिनीतून वेगळ्या केलेल्या बॅक्टेरियात सोडियम-प्रोटॉन अँटिपोर्टरसारखं (पेशीतून सोडियम बाहेर काढून बदल्यात प्रोटॉन आत घेणारं) एक प्रोटीन दिसतंय, त्यात लागोपाठ दोन अॅस्पार्टेट, म्हणजे ‘डीडी’ (अमिनो आम्लं एकेका अक्षराने लिहितात, त्यात याचं डी), सापडलेत. एवढ्यावर एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये ‘फंक्शनल मोटिफ’, म्हणजे प्रोटीनच्या कामाला लागणारा ठरावीक अक्षरांचा तुकडा, असं लिहावं का?

इतक्यात नका लिहू. मी नाशिकलाच मायक्रोबायोलॉजी शिकवते. दरवर्षी एकतरी प्रोजेक्ट याच ठिकाणी अडखळतो.

आधी साधा हिशोब करा. अमिनो आम्लं २०. सगळी सारख्याच प्रमाणात येतात असं धरलं, तर शेजारी-शेजारी दोन डी येण्याची शक्यता ४०० त १. ई. कोलायचा प्रसिद्ध अँटिपोर्टर एनएचए-ए ३८८ अमिनो आम्लांचा आहे. म्हणजे तेवढ्या लांबीच्या कुठल्याही प्रोटीनमध्ये सरासरी एक डीडी नुसत्या योगायोगाने भेटणार! कॅल्शियम-प्रोटॉन एक्स्चेंजरमधला मोटिफ जरा भक्कम: जी, एन, मग कुठलीही दोन, मग ई. तीन जागा ठरलेल्या, म्हणजे ८,००० त १. पण ई. कोलायची सगळी प्रोटीन्स मिळून साधारण १३ लाख अमिनो आम्लं होतात, तेव्हा तिथेही दीडशेच्या वर खोटे मोटिफ निघतील. अक्षरं जुळली एवढ्याने काम भागत नाही ते यामुळे.

मग बघायचं काय? जागा. एनएचए-ए मधले ते दोन अॅस्पार्टेट १६३ आणि १६४ क्रमांकावर, पाचव्या हेलिक्समध्ये (मेम्ब्रेन, म्हणजे पेशीच्या पडद्यातून जाणाऱ्या प्रोटीनच्या पिळदार दांड्यामध्ये) आहेत. २००५ साली त्याची क्रिस्टल रचना आली तेव्हा दिसलं की १२ हेलिक्सपैकी चौथी आणि अकरावी मेम्ब्रेनच्या ऐन मध्यात मोडलेल्या आहेत आणि तिथे एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. ते अॅस्पार्टेट त्याच फुलीजवळ. तेलकट मेम्ब्रेनच्या पोटात चार्ज असलेलं अमिनो आम्ल बाळगणं महागाचं काम. लाखो पिढ्या ते तिथे टिकून आहे, तर काहीतरी कारण असणार. तुमचं डीडी मेम्ब्रेनबाहेरच्या लोंबत्या लूपमध्ये निघालं, तर तो विषय तिथेच संपला.

ही प्रोटीन्स चालतात कशी हे पंचवटीतल्या जुन्या वाड्याची देवडी आठवली की कळतं. बाहेरचं दार उघडं तेव्हा आतलं बंद, आतलं उघडं तेव्हा बाहेरचं बंद. ही कल्पना यार्देत्स्की यांनी १९६६ मध्ये मांडली. देवडीत बसायला जागा एकच. सोडियम बसला तर प्रोटॉन उठतो, प्रोटॉन बसला तर सोडियम. अॅस्पार्टेट म्हणजे ती बसायची जागा.

आता खरी गंमत. एनएचए-ए एक सोडियम बाहेर काढताना दोन प्रोटॉन आत घेतो. हिशोबात एक धन चार्ज आत जास्त जातो, आणि पेशी आतून ऋण असल्यामुळे मेम्ब्रेनचा व्होल्टेजच प्रोटॉनला आत ओढतो. चोपण जमिनीत हेच हवं असतं. तिथे पीएच ८.५ च्या वर, बाहेर प्रोटॉनचा दुष्काळ, वर सोडियमचा मारा. व्होल्टेजची मदत नसेल तर प्रोटॉन आत यायचा कशाला? माणसाच्या एनएचई-१ या अँटिपोर्टरमध्ये आणि काही आर्कियांत (बॅक्टेरियांहून वेगळ्या एकपेशीय जीवांत) मात्र त्याच जागी ‘एनडी’, म्हणजे पहिल्या डी ऐवजी अॅस्पराजिन (एन), असतं, आणि तिथे व्यवहार एकास एक, व्होल्टेजशी संबंध नाही.

बरीच वर्षं या एका अक्षरावरच सगळं ठरतं असं मानलं जायचं. तसं नाही. थर्मस थर्मोफिलस या बॅक्टेरियाच्या नॅप-ए या अँटिपोर्टरमध्ये जवळचं लायसिन हे अमिनो आम्ल बदलल्यावर डीडी शाबूत असूनही व्यवहार व्होल्टेजला जुमानेनासा झाला. म्हणून अलाइनमेंटमध्ये (सिक्वेन्स एकाखाली एक मांडून जुळवताना) तो लायसिनही शोधा. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचं सगळ्यात चांगलं पान तेच होईल.

शेवटी म्युटेशन. डी च्या जागी एन करा आणि सोडियम अँटिपोर्टरची जनुकं काढलेल्या ई. कोलायमध्ये ते प्रोटीन घालून बघा. मूळ प्रोटीन घातलेला स्ट्रेन खारट अल्कधर्मी प्लेटवर तगला आणि म्युटंट मेला, तर मग खुशाल ‘फंक्शनल’ लिहा.

इथे माझी एक फजिती सांगते. ०.१ मोलर मिठाच्या प्लेट पीएच ८.३ ला केल्या आणि म्युटंट, रिकामा प्लास्मिड (जनुक न घातलेलं डीएनएचं वर्तुळ) असलेला स्ट्रेन, सगळेच झकास वाढले. दोन आठवडे मी जनुकांना दोष देत होते. मीडियममध्ये बफरच घातला नव्हता. ऑटोक्लेव्हनंतर पीएच घसरून सातच्या आसपास आला होता, आणि त्या पीएचला एवढं मीठ त्या स्ट्रेनला सहन होतं. तेव्हा बफर घाला, ऑटोक्लेव्हनंतर पीएच पुन्हा मोजा. आणि बॅक्टेरिया वाढवायच्या नेहमीच्या एलबी मीडियममध्ये मुळातच लिटरला १० ग्रॅम मीठ असतं, म्हणून स्ट्रेन वाढवायला सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइडचं एलबी करा.