युद्धग्रस्त भागातले डोंगरी शेतकरी हवामानबदलाशी कसं जुळवून घेतात? नवीन पद्धती आणि बियाणं स्वीकारायची त्यांची तयारी असते का?

तयारी असते. प्रश्नातला हा दुसरा भाग वाचूनच लिहायला बसलो.

कारगिल जिल्ह्यात ताबारेषेजवळच्या एका गावात मी पाण्याच्या कामावर होतो. तिथली शेती वितळणाऱ्या बर्फावर. बर्फ कमी पडायला लागला आणि ऐन पेरणीत, एप्रिल-मेमध्ये, पाट कोरडे. लडाखचेच अभियंते चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून लेहकडे कृत्रिम हिमनद्या केल्या. हिवाळ्यात वाहून जाणारं ओढ्याचं पाणी सावलीच्या जागी अडवून गोठवायचं. गावाजवळ, कमी उंचीवर असल्यामुळे ते खऱ्या हिमनदीच्या आधी, पेरणीलाच वितळतं. आम्हाला तेच करायचं होतं.

थंडीत कामाला कुणी येईना. वरिष्ठांनी अहवालात लिहिलं, ‘लोकसहभाग नाही, मानसिकता पारंपरिक.’ खाली माझीही सही आहे.

पुढे एका चाचांनी घरी चहाला बसवून सांगितलं, "बर्फ धरायचं काम रात्रीचं. पाइप गोठला की रात्रीच उठून मोकळा करायचा. या नाल्यात रात्री बॅटरी घेऊन कोण फिरेल? पलीकडच्याला काय वाटेल, अलीकडच्याला काय वाटेल?" पाटाचं तोंड आणखी वर. १९९९ च्या लढाईनंतर सुरुंगांच्या भीतीनं तिकडे गुरंसुद्धा नेत नव्हते.

आणि हेच ‘पारंपरिक’ लोक काय करत होते? हाताशी होता तेवढा पाट दगडमातीनं लिंपून गळती थांबवली होती. दूरची जवाची वावरं पड टाकली होती. पहिलं पाणी जर्दाळूला, कारण जव एका वर्षाचं जातं, झाड गेलं की कित्येक वर्षांचं. हा हिशेब त्यांना कुणी शिकवला नव्हता.

म्हणून तुम्ही असा प्रकल्प आखत असाल, तर आधी नाल्याच्या वरच्या टोकापर्यंत जायची आणि रात्री थांबायची परवानगी लष्कराकडून मिळवा. ती मिळेपर्यंत कुणाच्या मानसिकतेवर एक ओळ लिहू नका.

सगळा दोष संघर्षाचा नाही, हेही खरं. लष्करासाठी ओझी वाहण्यात रोख मजुरी मिळते, त्यामुळे तरुण हात शेतात कमीच. शिवाय मी पाहिलं ते एक गाव. येमेनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीचं किंवा अफगाणिस्तानचं गणित वेगळं असणार.

बियाण्याचंही विचारलंय. थोडक्या उन्हाळ्यात पिकणारं जव त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. अडलं होतं ते पाण्याशी.