चर्चमध्ये नवीन आलेली माणसं दोन-तीन रविवारांनंतर दिसेनाशी होतात. त्यांना आपलंसं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे फादरना मदत करणाऱ्या चर्चच्या समितीवर, तुम्ही नुकतेच आलात, दारात हसतमुखानं नमस्कार करायला माणसंही नेमलीत, तरी नवे चेहरे टिकत नाहीत. मी कोल्हापूरची. आमच्या चर्चमध्ये नव्यांची विचारपूस करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. दारातला नमस्कार चालू ठेवा, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नका. मिस्सा, म्हणजे आपली कॅथलिकांची मुख्य उपासना, सुटल्यानंतरची दहा मिनिटं बघा. माणूस पुन्हा येणार की नाही, ते बहुतेक वेळा तिथंच ठरतं.

त्या दहा मिनिटांत आमच्या आवारात काय होतं? गोव्याकडची मंडळी एका बाजूला कोकणीत रंगतात. मंगळूरची घरं त्यांच्या शेजारी. केरळच्या नर्स गेटपाशी, कारण ड्युटीची घाई. मराठी घरं गाड्या लावल्यात तिकडं. प्रत्येक घोळक्यात प्रेम आहे, ओढ आहे, आठवड्यानं भेटल्याचा आनंद आहे. पण घोळका म्हटला की बाहेरच्याकडं पाठ आलीच. आणि एखादा मुलगा हेल्मेट हातात धरून नोटीस बोर्ड वाचत असतो. नोटीस बोर्डावर पाच मिनिटं वाचण्यासारखं काही नसतं. तो कुणीतरी बोलेल म्हणून थांबलेला असतो. मी कौन्सिलमध्ये दर वेळी हेच सांगते की मिस्सा संपली की दोघांनी तरी आपल्या ओळखीच्यांकडं जायचंच नाही, आधी नोटीस बोर्डाकडं जायचं.

तिथं गेल्यावर विचारायचं काय, हेही महत्त्वाचं. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल या एमआयडीसींमुळं झारखंडची बरीच मुलं इकडं फाउंड्रीत कामाला येतात. त्यांतली काही उरांव, मुंडा, खडिया समाजातली कॅथलिक असतात. त्यांना आपल्यातलं कुणीतरी अगदी सहज विचारतं, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याला ते लागतं. बेल्जियन मिशनरी फादर कॉन्स्टंट लीव्हन्स छोटा नागपूर भागात, म्हणजे आजच्या झारखंडात, 1885 साली आले. म्हणजे त्यांच्यातल्या कित्येक घरांत पणजोबांपासून जपमाळ आहे. त्यापेक्षा "राहायला कुठं आहात?" हा प्रश्न चांगला, कारण त्यातून पुढं काहीतरी करता येतं. त्याच भागातलं एखादं कॅथलिक कुटुंब गाठा आणि जागेवरच ओळख करून द्या: "हे तुमच्या शेजारचे, बुधवारी यांच्याकडं जपमाळेची प्रार्थना आहे, या की." नुसतं "पुन्हा या हं" म्हणून सोडलेला माणूस क्वचितच येतो. दिवस, वेळ आणि घर ठाऊक झालेला माणूस येतो. तुमच्याकडं छोटे ख्रिस्ती समूह (शेजारची घरं एकमेकांकडं जमून प्रार्थना करतात ते गट) चालू असतील तर त्यांचा खरा उपयोग हाच. चालू नसतील तर आधी ते सुरू करा.

केरळच्या काही जणी सिरो-मलबार चर्चच्या असतात, म्हणजे पोपनाच मानणाऱ्या पण पूजाविधीची वेगळी रीत असलेल्या केरळच्या कॅथलिक चर्चच्या. आपल्या लॅटिन (रोमन रीतीच्या) पॅरिशमध्ये यायला लागल्या म्हणून त्यांचं मूळ चर्च बदलत नाही, आणि त्यांची पूजाविधीची रीत आपल्याइतकीच कॅथलिक आहे. "आता तुम्ही आमच्यातल्याच" असं प्रेमानं म्हणतानासुद्धा हे लक्षात असू द्या.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. इथले मराठी ख्रिस्ती म्हणजे बहुतांश प्रोटेस्टंट. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली इथं आले, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं लग्न होऊन आमच्याकडं येणारी सून बऱ्याचदा त्या परंपरेतली असते. तिला बायबल आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं, गाता छान येतं, आणि तरी मिस्सेत ती अवघडते. प्रभूच्या प्रार्थनेचंच बघा. त्यांच्याकडं "वाइटापासून सोडव" झालं की लगेच "कारण राज्य" ही ओळ येते. आपल्याकडं मध्ये फादर एक प्रार्थना म्हणतात आणि मग ती ओळ सगळे म्हणतात. शांत चर्चमध्ये तिचा एकटीचाच आवाज पुढं जातो, आणि दोन बाकं वळून बघतात. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पाहिलाय. याला उपाय साधा आहे. पहिल्या काही रविवारी तिच्याशेजारी सासूनं नव्हे, तिच्याच वयाच्या कुणीतरी बसायचं आणि मिस्सेचं पुस्तक दोघींत धरायचं.

कम्युनियनचं (मिस्सेत घेतात त्या पवित्र भाकरीचं) मात्र आधीच, मिस्सेपूर्वी सांगायचं. रांगेत उभं राहिल्यावर कुजबुजून अडवणं म्हणजे चारचौघांत अपमान. कॅथलिक नसलेल्यांना सर्वसाधारणपणे कम्युनियन देत नाहीत हे शांतपणे सांगा, आणि छातीवर हात दुमडून पुढं आलं तर फादर आशीर्वाद देतील का, हे फादरना अगोदर विचारून ठेवा. कॅथलिक व्हायचं तिनं ठरवलं तरी तिचा बाप्तिस्मा योग्य रीतीनं झालेला असेल तर तो पुन्हा देत नाहीत. हे ऐकून तिच्या आईवडिलांच्या जिवावरचं ओझं उतरतं. आपल्या लेकीचं सगळं आयुष्य इथं पुसून टाकणार नाहीत, एवढंच त्यांना हवं असतं. ही गोष्ट तुम्ही त्यांच्या घरी जाऊन, चहा घेत सांगा.

वेळेचाही विचार करा. फाउंड्रीत आणि हॉस्पिटलात रविवारची सुट्टी मिळतेच असं नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, पण नव्याला ती आहे हेच कुणी सांगत नाही. पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळा असतात, आणि नवीन माणूस त्या ग्रुपवर नसतो!

नवा माणूस पहिल्याच महिन्यात सणाच्या वर्गणीची पावती बघतो, हे मला अजिबात पटत नाही. नोंदणीचा फॉर्मही पहिल्या दिवशी पुढं करू नका. त्याऐवजी काम द्या. झारखंडच्या एका मुलाला आम्ही श्रद्धावंतांच्या प्रार्थनांपैकी (मिस्सेत सगळ्यांसाठी करतात त्या विनंत्यांपैकी) एक हिंदीत वाचायला सांगितली. तो कागद घरी घेऊन गेला, पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधी हजर, आणि सोबत खोलीवरचे तिघं मित्र, त्याचं वाचन ऐकायला. वर्षभर नुसतं "वेलकम" म्हणून जे झालं नसतं ते त्या दोन ओळींनी झालं. कोयर (गायनवृंद), फुलं, खुर्च्या लावणं, नाताळचा गोठा, काहीही चालेल. फक्त ते काम खरंच लागणारं असावं. आणि ते वर्षानुवर्षं करणाऱ्या ज्येष्ठांशी आधी बोलून घ्या, नाहीतर त्यांना वाटतं आपल्याला बाजूला सारलं.

नाताळच्या रात्री हिंदू, मुस्लिम शेजारी गोठा बघायला येतात, ते वेगळे. ते आपले पाहुणे. त्यांना बसायला खुर्ची द्या, केक द्या, विचारलं तेवढंच सांगा. हातात पत्रकं कोंबू नका. कुणालाही बळानं किंवा आमिषानं श्रद्धेकडं ओढू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंच, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंच, 1965 साली स्पष्ट सांगितलंय.

आणि जे दिसेनासे झालेत त्यांना फोन करा, या आठवड्यातच. "का आला नाहीत?" म्हणू नका, ती हजेरी वाटते. "बरे आहात ना?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा पाळी बदललेली असते, खोली बदललेली असते, नाहीतर माणूस एकटाच तापानं पडलेला असतो. तसं असलं तर फादरना कळवा आणि दुपारपर्यंत त्याच्याकडं डबा पोचवा.